टेकता टेकता

विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस कोण, या प्रश्नाला ‘लुई ब्लेरिओ’ असं उत्तर लिहून आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत एक गुण कमावलेला आहे. २५ जुलै १९०९ रोजी पहाटे तो कॅलेजवळून उडाला, ३६-३७ मिनिटांत इंग्लंडात पोचला आणि ‘डेली मेल’ने लावलेलं १००० पौंडांचं बक्षीस त्याने जिंकलं. गाइडात एवढंच असे. तो उतरला कसा, हे ना गाइडात होतं, ना बाईंना कधी विचारावंसं वाटलं. डोव्हरच्या किल्ल्यालगतच्या उतारावर एक फ्रेंच बातमीदार झेंडा हलवत उभा होता. इथे ये, इथे ये. वर वारा पिसाटलेला. विमान गिरक्या खायला लागलं तेव्हा जमीन वीसेक मीटर खाली असतानाच ब्लेरिओने इंजिन बंद केलं. त्यानंतर जे झालं त्याला उतरणं म्हणायचं की पडणं, हा ज्याच्या त्याच्या सौजन्याचा प्रश्न आहे. चाकांचा सांगाडा मोडला, पंखा मोडला, ब्लेरिओ शाबूत राहिला. बक्षीस मिळालं. विमान धड आहे का, असं कोणी विचारलं नाही.

राइट बंधूंचंही तेच. १७ डिसेंबर १९०३ या एका दिवसात त्यांनी चार उड्डाणं केली. चौथं सगळ्यांत मोठं, ५९ सेकंदांचं आणि ८५२ फुटांचं. शेवटी विमान वर-खाली, वर-खाली करत वाळूत घुसलं आणि पुढच्या सुकाणूची चौकट मोडून बसलं. उडण्याचा शोध त्या दिवशी लागला हे खरंच. उतरण्याचा राहून गेला.

आपल्याकडे ही अडचण कधी आलेली दिसत नाही. पुष्पक विमान लंकेहून अयोध्येला आलं, पण उतरताना ते दोनदा उसळलं आणि शरयूच्या अंगाला कलंडलं, असं एकाही कीर्तनकाराच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. तुकोबांना न्यायला आलेल्या विमानाच्या मी पाहिलेल्या सगळ्या तसबिरी प्रस्थानाच्याच. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा तर आपण छाती फुगवून सांगतो. पुरावा मागितला की मंडळी रागावतात, म्हणून तो विषय सोडू. पण त्या कथेतही विमान १५०० फूट वर जातं आणि खाली येतं ते आपटूनच. कथा रचणाऱ्यालासुद्धा लँडिंग जमलेलं नाही.

मी या भानगडीत पडलो तो भाचीमुळे. ती विमान चालवायला शिकते. आमच्या घराण्यात तिच्याआधी सर्वांत उंच गेलेला माणूस म्हणजे नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर देखरेख करणारे माझे काका, तेव्हा घरात कौतुकाला आणि काळजीला सारखंच भरतं आलेलं. ती कुठे शिकते ते सांगत नाही, कारण पुढे एक मोडलेलं चाक यायचं आहे. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

“मामा, आज तीनदा टेकले.”

“वा! तीन लँडिंगं?”

“एकच रे.”

मग तिने मला सगळं समजावून सांगितलं. ती चालवते ते सेस्ना १५२, दोन माणसांचं विमान. माणसं, इंधन, सामान धरून जास्तीत जास्त वजन साडेसातशे किलोच्या आसपास. धावपट्टीकडे येताना वेग साधारण ६० नॉट, म्हणजे ताशी ११० किलोमीटर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर याहून जोरात गाड्या जातात आणि त्यांचे चालक शिवाय फोनवर बोलत असतात. इथवर काही अवघड नाही. जमीन दहा-वीस फुटांवर आली की नाक हलकेच उचलायचं. याला फ्लेअर म्हणतात. इंजिनाचा जोर काढून घेतलेला असतो. विमान धावपट्टीवरून तरंगत राहतं, वेग उतरत जातो, ते बसू बघतं, आणि आपण त्याला बसू द्यायचं नाही. नाक आणखी थोडं वर. ते पुन्हा बसू बघतं. आणखी थोडं. नजर समोरच्या डांबराकडे न्यायची नाही, धावपट्टीच्या पार टोकाला ठेवायची. अजून नको, अजून नको असं करता करता पंखातली पिपाणी वाजते आणि मागची दोन चाकं टेकतात. उतरण्याची सगळी विद्या ही अशी, उतरायचं लांबवण्याची.

त्या पिपाणीची हकिकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सेस्ना १५२च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं. विमान हवेचा आधार गमावण्याच्या बेतात आलं की त्या भोकातून हवा ओढली जाते आणि आतली पिपाणी आपोआप वाजते. वीज नाही, तारा नाहीत. ती चालू आहे की नाही हे उड्डाणाआधी तपासायचं असतं आणि त्याची रीत कारखान्याच्या पुस्तकातच दिलेली आहे: भोकावर स्वच्छ रुमाल धरा आणि तोंडाने हवा ओढा. लाखो रुपये फी भरलेली, पांढरा शर्ट घातलेली, खांद्यावर पट्ट्या लावलेली मुलं सकाळी सकाळी विमानाच्या पंखाला तोंड लावून उभी असतात. आतून एक रडका, लांबट ‘पूंऽऽ’ आला की रुमाल घडी करून खिशात ठेवतात आणि पुढचं चाक बघायला जातात. हे मी कुंपणाबाहेरून पाहिलं आणि या धंद्याबद्दलची माझी भीती निम्म्याने कमी झाली.

घोटाळा होतो तो घाईने. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, ही म्हण शिकाऊ वैमानिकासाठीच केलेली असावी. नवखा माणूस ‘असू दे हाताशी’ म्हणून पाच-दहा नॉट जास्तीचा वेग घेऊन येतो. जास्तीचा वेग म्हणजे जास्तीचं तरंगणं. खालून धावपट्टी भराभर सरकते आहे, विमान काही बसत नाही, आणि याला वाटतं, आता पुरे, टेकवूनच टाकू. तो नाक खाली दाबतो. विमानात अजून उडण्याचा जीव आहे. ते धावपट्टीवर आपटून पुन्हा हवेत जातं. ही पहिली उसळी. हात दोन हात उंचीची, निरुपद्रवी. अशा उसळ्या सोसण्यासाठीच मागच्या चाकांचे पाय केलेले असतात. इथे काहीच न करता नाक होतं तिथे धरून ठेवलं किंवा सरळ जोर देऊन परत वर गेलं, तर प्रकरण मिटतं. पण नवख्याला समोर एकदम आभाळ दिसतं, तो घाबरून नाक आणखी दाबतो, आणि त्याचा दाब लागू पडेपर्यंत विमान स्वतःहूनच खाली यायला निघालेलं असतं. आता नाकाखालचं चाक आधी आपटतं. दुसरी उसळी मोठी. तो आणखी दाबतो. तिसऱ्या उसळीला हात आणि विमान यांची पुरती चुकामूक झालेली असते. नाकाखालचं बारीक चाक वाकतं, पंखा डांबराला लागतो आणि इंजिन थांबतं.

सत्काराच्या कार्यक्रमांत मी हे अनेकदा पाहिलेलं आहे. वक्ता पाहुण्यांना ‘कुलकर्णी’ऐवजी ‘देशपांडे’ म्हणतो. सभागृहातल्या निम्म्या लोकांना ते कळलेलंही नसतं, पाहुणे स्वतः शालीची घडी नीट करण्यात गुंतलेले. वक्ता पुढे गेला असता तर चहा वेळेवर मिळाला असता. पण तो थांबतो, क्षमा मागतो, ‘कुलकर्णी काय, देशपांडे काय’ असं म्हणतो, मग त्यातून वेगळाच अर्थ निघेल या भीतीने एक विनोद करतो, आणि तिसऱ्या वाक्याला पाहुण्यांचा चेहरा बदलतो. चूक लहानच होती. दुरुस्तीने घात केला.

सेस्ना कंपनीला हे सगळं सोपं करून टाकायचं होतं. जुन्या विमानांना तिसरं चाक शेपटीखाली असे. वजन मागे, चाकं पुढे. उतरल्यावर नाक जरा तिरकं झालं की शेपूट पुढे यायला बघायची आणि विमान जागच्या जागी गिरकी घ्यायचं. जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ला भारतातला वैमानिकाचा पहिला परवाना मिळवला त्या काळात फ्लाइंग क्लबांतून अशीच मॉथ विमानं होती. ब्रेक नाही, शेपटीखाली नुसती घसरपट्टी, आणि जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली. १९५०च्या दशकात सेस्नाने तिसरं चाक नाकाखाली आणलं आणि जाहिरातीत त्या रचनेला नाव दिलं ‘लँड-ओ-मॅटिक’. जणू विमान आपलं आपणच उतरणार. या रचनेची सेस्ना १७२ आजवर ४४,००० हून जास्त तयार झाली. इतकी संख्या दुसऱ्या कुठल्याच विमानाची नाही. गिरक्या कमी झाल्या हे कबूल. ‘ओ-मॅटिक’ तेवढं अजून कोणाला मिळालेलं नाही.

फ्रेंचांनी पहिल्या महायुद्धात याहून प्रामाणिक तोडगा काढला होता. आव्हॉर इथल्या शाळेत नवख्याच्या हाती आधी जे विमान देत त्याचे पंख छाटलेले असत. इंजिन होतं, शेपूट होती, बसायला जागा होती; उडता मात्र येत नसे. नाव ‘पेंग्विन’. शिक्षक शेजारी बसायचा नाही, मैदानाच्या कडेला उभा राहायचा. शिकणाऱ्याने एकट्याने ते मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पळवून दाखवायचं, सरळ जमेपर्यंत आभाळाचं नाव काढायचं नाही. या पद्धतीला नाव होतं ब्लेरिओचं. तोच तो, डोव्हरचा. अनुभवाचे बोल असतात ते असे. आणि सरळ काही जायचं नाही! घोडदळात मर्दुमकी गाजवून आलेले गडी त्या पंखछाट्या यंत्रातून नागमोडी जात, मग गरगर फिरत, कधी एकमेकांच्या अंगावर जात. उडण्याआधी जमिनीवर सरळ चालता आलं पाहिजे, ही अट मला अजूनही पटते.

१९१७ साली इंग्लंडात गॉस्पोर्टला स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याने शिकवण्याची रीत पालटली. शिक्षक विमानातच, दोघांच्या हाती सारखी नियंत्रणं, आणि जे जे धोक्याचं ते टाळ म्हणून न सांगता मुद्दाम करून त्यातून सुटायचं कसं हे शिकवायचं. त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी एक रबरी नळीही तेव्हाचीच. शिक्षक एका टोकाशी बोलणार, ते विद्यार्थ्याच्या कानात उतरणार. बऱ्याच विमानांत ती एकतर्फी असे. विद्यार्थ्याला उलट बोलण्याची सोयच नव्हती. शिक्षकांना विचारलं तर विमानविद्येतला सर्वांत थोर शोध ते हाच सांगतील.

भाचीच्या सरांना नळीची गरज नाही. हवाई दलातून निवृत्त झालेले, बोलतात कमी. ती कंट्रोल मुठीत आवळून धरते, बोटांची पेरं पांढरी पडतात, तेव्हा सर समोर बघतच म्हणतात, “बेटा, उसका गला छोड.” दोन बोटं आणि अंगठा, एवढ्यावर विमान उडतं म्हणे.

मग एके दिवशी सर उतरतात आणि तुम्ही एकटे. सोलो. सर उतरले म्हणजे सत्तर-ऐंशी किलो उतरले, आणि एवढ्याशा विमानात ही लहान बाब नाही. ते लवकर उडतं, भराभर चढतं, आणि उतरताना रोजच्यापेक्षा जास्त तरंगतं. ज्या दिवशी हात धरायला कोणी नाही नेमकं त्याच दिवशी विमानही ओळखीचं राहत नाही.

भाचीचं विमान मोडलं ते अशाच एका सोलोत. वारा थोडा डावीकडून, विंडसॉक अर्धवट फुगलेला. पहिली उसळी छोटी. तिने नाक दाबलं. दुसरी मोठी. आता तिला सरांचे शब्द आठवले आणि परत वर जायला म्हणून तिने थ्रॉटल पूर्ण पुढे सारला. ते बरोबरच होतं. पण जोर पूर्ण लागला की या विमानाचं नाक डावीकडे ओढ घेतं आणि उजवा पाय दाबून ते सरळ ठेवावं लागतं. उजव्या पायाला हे कोणी कळवलंच नाही. त्याऐवजी तिच्या हातांनी समोरचं चक्र उजवीकडे फिरवलं. जमिनीवर त्या चक्राचा चाकांशी काडीचाही संबंध नसतो; विमान वळतं ते पायांनी. पण माणूस लहानपणापासून गाडीच्या पुढच्या सीटवर बसून शिकलेला असतो, आणि कसोटीच्या वेळी आधी शिकलेलंच वर येतं. तिने थ्रॉटल मागे ओढला तोवर विमान धावपट्टी सोडून गवतात शिरलं होतं. नाकाखालचं चाक एका खाचेत अडकून मोडलं, पंखा मातीला लागून थांबला, आणि विमान नाक टेकून, शेपूट वर करून उभं राहिलं.

रेडिओवर टॉवरने विचारलं, सगळं ठीक आहे का. तिने उत्तर दिलं, “सर, आय हॅव लँडेड.” यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग इंधन तोडलं, स्विच बंद केले, पट्टा सोडला, आणि बाहेर पडण्याआधी मांडीवरच्या पॅडवर पेन्सिलीने लँडिंगची वेळ लिहिली. उतरल्यावर वेळ लिहायची असते म्हणून लिहिली. तो कागद मी पाहिला आहे. अक्षर सुरेख आहे.

घरी फोन गेला तेव्हा माझ्या बहिणीने एकच प्रश्न विचारला. “तू मोडलीस का? नाही ना? मग जेवून घे.”

त्यानंतर कागदपत्रं, जबाब, चौकशी. मी तेव्हा परदेशातले असे चौकशी अहवाल खूप वाचले आणि मला त्यांच्या भाषेचं वेडच लागलं. कोणी कोणावर ओरडत नाही. विमान उसळलं, पुन्हा उसळलं, डावीकडे वळलं, थांबलं. शिकाऊ वैमानिकाला दिशा राखता आली नाही. वैमानिकाला इजा नाही. बस्स. लग्नकार्यांतल्या रुसव्याफुगव्यांचे अहवाल या भाषेत लिहायची पद्धत पडली तर निम्मी घरं पुन्हा बोलू लागतील. आणि आणखी एक गोष्ट त्यातून कळते: छोट्या विमानांचे अपघात उतरताना फार होतात, पण त्यांत जीव जाण्याची पाळी क्वचित येते. वेग थोडा, उंची जवळपास नाहीच. मोडतो तो मुख्यतः पंखा, चाक आणि आत्मविश्वास. पहिल्या दोन्हींचे सुटे भाग मिळतात.

सगळ्यांत चक्रावून टाकणारी गोष्ट मात्र ऑस्ट्रेलियातली. २०१९ साली पर्थजवळ एका शिकाऊ माणसाचे शिक्षक हवेतच बेशुद्ध पडले. विमान सेस्ना १५२च. त्या जातीच्या विमानात तो प्रथमच बसलेला, आणि लँडिंग त्याने कधी केलेलंच नव्हतं. टॉवरमधला माणूस त्याच्याशी बोलत राहिला. तासाभराने त्याने जांदाकोटच्या धावपट्टीवर विमान उतरवलं, धड उतरवलं. यावर माझं एक मत आहे आणि ते भाचीला मुळीच मान्य नाही. मला वाटतं, त्याचं लँडिंग कोणी तपासणार नव्हतं. त्याला कोणाला सुंदर उतरून दाखवायचं नव्हतं, आजचं मागच्यापेक्षा बरं झालं का हे बघायचं नव्हतं. सांगितला तो वेग त्याने धरला आणि सांगितली तेवढीच कामं केली. भाची म्हणते, “मामा, त्याचं नशीब होतं आणि टॉवरवाला देवमाणूस होता. तू उगाच तत्त्वज्ञान लावू नकोस.” असेलही.

ती आता पुन्हा उडते. सरांनी तिला बरोबर घेतलं आणि उतरायला म्हणून शिकवलंच नाही. नुसतं धावपट्टीपर्यंत यायचं, जमीन पायाखाली आली की पूर्ण जोर, उजवा पाय, आणि परत वर. सकाळभर हेच. लाजायचं कारण नाही हे पायांना पटेपर्यंत. कुंपणाबाहेरच्या चहावाल्याने मला विचारलं, “साहेब, हे येतंय आणि परत जातंय, बिघडलंय का काय?” मी म्हटलं, “नाही हो, सुधारतंय.”

तुम्हीही कधी पुण्याला किंवा नागपूरला उतरत असाल. चाकं बाहेर आलेली, धावपट्टी खिडकीतून दिसते आहे, आणि विमान एकदम गरजून पुन्हा वर जाईल. मागच्या रांगेतून कोणीतरी देवाचं नाव घेईल, कोणी कंपनीला शिव्या घालेल. तेव्हा शेजारच्या माणसाला एवढंच सांगा की पुढे बसलेल्यांना हे लँडिंग पसंत पडलेलं नाही, ते दुसरं करणार आहेत. दहा-पंधरा मिनिटं उशीर होईल. न्यायला आलेल्याला पार्किंगचे पैसे जास्त पडतील. ते तुम्ही द्या.